येईल त्याचा खण

फार जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. हाताने वाती वळत ऐकली तरी चालेल.

नदीच्या वळणावर एक नगर होतं. नगरात गजबजलेली पेठ होती. त्या पेठेत वाती, कापूर, हळदकुंकू विकणारी एक बाई होती. तिला सगळे वातीकाकू म्हणत.

वातीकाकूंनी एक नेम धरला होता. त्याचं असं झालं, की नवी नवरी होऊन त्या नगरात आल्या, त्या दिवशी ऊन रणरणत होतं. पेठेत पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. समोर दिसला त्या ओट्यावर त्या टेकल्या. दुकान कोणाचं, मालक कोण, काही ठाऊक नव्हतं. आतून एक म्हातारा कासार गूळपाणी घेऊन आला. नवरी ओशाळून उठू लागली, तसा म्हणाला, "बस, पोरी. दुकान माझं आहे. ओटा येईल त्याचा."

नवरीने तिथेच हात जोडले. "देवा, उद्या माझं दुकान झालं, तर त्याचा ओटा मी कधी माझा म्हणणार नाही."

देवाने ऐकलं. दुकान झालं. पुढे दुकान, मागे राहायची खोली, असे दोन खण. आणि रस्त्याच्या अंगाला, छपराखाली ओटा. त्या ओट्यावर सकाळी मालीण फुलांची पाटी ठेवी, उन्हं वर आली की ताकवाली टेके, बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बाया भाजी मांडून बसत. पेठेत सगळ्याच दुकानांना असे ओटे होते, आणि सगळ्याच ओट्यांवर कोणी ना कोणी असे. काकूंचा मात्र तो नेम होता.

एका श्रावणात नदी पात्र सोडून पेठेत शिरली. माणसं टेकडीवरच्या देवळात चढली म्हणून वाचली. पाणी ओसरलं तेव्हा दुकानांची नुसती जोती उरली होती. भिंती नाहीत, छपरं नाहीत, आणि वातीकाकूंच्या दुकानात गुडघाभर गाळ.

राजा मनाचा चांगला होता. त्याने दवंडी पिटवली, "पेठ पुन्हा उभी करा. लाकूड माझ्या रानातलं, कौलं माझ्या भट्टीतली. ज्याच्या दुकानाचे जितके खण, त्याला तितकी मदत. दिवाळीला मी दिवे बघायला येईन."

पेठेत हसू परतलं. लोक गाणी म्हणत गाळ उपसू लागले.

पेठेत कापडवाले अण्णा डोक्याने फार तल्लख. ते म्हणाले, "अहो, ओट्याला पुढून भिंत घातली की तोही खणच झाला. एक खण जास्त. राजा देतो म्हणतोय, आपण कशाला लाजायचं?"

सगळ्यांना पटलं. पुरात सगळं गेलेल्या माणसाला एक तुळई जास्तीची मिळाली तर नको कोण म्हणेल? जो तो ओट्यापुढे भिंत घालू लागला.

वातीकाकूंचे यजमान म्हणाले, "आपणही घालू या ना भिंत. तीन खण होतील. नाहीतर दोन खणांच्या कौलांत दुकान, खोली आणि वर ओट्याचं छप्पर बसायचं कसं?"

"नाही बसणार," काकू म्हणाल्या. "पण माझा नेम आहे हो."

"अगं, पूर आलेला देवालाही माहीत आहे. तो काही रागावणार नाही."

"तो नाही रागावणार. पण मालीण बसेल कुठे?"

यजमानांनी वर आभाळाकडे पाहिलं. म्हणाले, "बरं. मग खोलीचीच कौलं ओट्यावर घाल. आपण झोपू चांदण्यात. लग्न झाल्यापासून आभाळ नीट बघितलं नाही मी."

राजाचा कारभारी दोरी घेऊन मापाला आला. काकूंच्या जोत्यापाशी थबकला. "बाई, हा पुढचा खण मोजायचा ना?"

"तो माझा नाही."

"मग कोणाचा?"

"येईल त्याचा."

कारभाऱ्याने डोकं खाजवलं. "येईल त्याच्या नावाने लाकूड कसं देऊ? दवंडीत तसं नाही." त्याने हळहळत दोनच खण मोजले.

काकूंनी ठरल्याप्रमाणे केलं. दुकान शाकारलं, ओटा शाकारला. मागची खोली उघडी राहिली. कार्तिकातली थंडी तोंडावर आलेली आणि डोक्यावर नुसतं आभाळ. अण्णा जाता जाता चिडवून गेले, "काकू, घर पुढे नि आभाळ मागे. उलटंच बांधलंत."

"उद्या दमलात तर या बसायला," काकू म्हणाल्या.

दिवाळीचा बाजार भरला. खेड्यातल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन आल्या आणि पेठेच्या तोंडाशीच थांबल्या. दोन्ही बाजूंना नव्या कोऱ्या भिंती, मधून गाड्यांचा रस्ता. पाटी उतरवायची कुठे? वळून वळून बघत निम्म्या बाया परत गेल्या. उरल्या त्या वातीकाकूंच्या ओट्यावर दाटीवाटीने बसल्या. गिऱ्हाईकही मग तिथेच लोटलं.

अण्णा आपल्या ऐसपैस दुकानात रेशमी थानं मांडून बसले होते. भाजी घ्यायला आलेली बाई जाता जाता खण-लुगडं बघायची, ही इतक्या वर्षांची रीत. आज भाजीच नाही, तर बाई कुठून येणार? दुपारपर्यंत अण्णांच्या दुकानात एक मांजर तेवढी आली, तीही थानावर झोपली. अण्णा उठले आणि खाली मान घालून काकूंच्या ओट्याच्या कडेला येऊन टेकले. काकूंनी गूळपाणी पुढे केलं.

तेवढ्यात राजा आला. पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. कारभाऱ्याला म्हणाला, "दुकानं दिसली. बाजार कुठे आहे?"

कारभाऱ्याने गर्दीकडे बोट दाखवलं. राजाचे पाय दुखत होते, आणि सबंध पेठेत टेकायला दुसरी जागा नव्हती. मालीण म्हणाली, "सरक गं ताकवाले. राजा झाला म्हणून काय, पाय माणसाचेच. बसा महाराज."

राजा बसला. ताक प्याला. ओट्यावरून त्याला दुकानाच्या दारातून मागची उघडी खोली दिसली. "ह्या घरावर छप्पर का नाही?"

कारभारी चाचरला. मग म्हणाला, "महाराज, ते छप्पर आपल्या डोक्यावर आहे."

राजाने वर पाहिलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "चूक माझी. मी खण मोजायला सांगितले, माणसं मोजायला विसरलो. आजपासून जो ओटा मोकळा करील, त्याच्या ओट्यालाही छप्पर मिळेल. आणि काकू, तुम्हाला काय देऊ?"

काकू काही बोलायच्या आत अण्णा उठले होते. कोणी हाक मारली तरी थांबले नाहीत. त्यांनी आपल्या दुकानापुढची भिंत स्वतः पाडली, आणि थोड्या वेळाने वरची तुळई खांद्यावर घेऊन काकूंच्या खोलीपाशी आले. धापा टाकत म्हणाले, "ही घ्या. तो खण माझा नव्हताच."

अण्णांच्या मागोमाग सगळ्यांनी ओट्यांपुढच्या भिंती पाडल्या आणि पेठ काकूंकडे लोटली. कोणी वासे आणले, कोणी कौलं. दिवे लागायच्या वेळी काकूंच्या खोलीवर छप्पर होतं, आणि पेठेतल्या एकूण एक ओट्यावर पणती. यजमान मात्र वर बघून म्हणाले, "आता चांदण्या कुठल्या दिसायला?"

दुकान आपल्या भिंतींनी उभं राहतं, पण पेठ उभी राहते ती दुसऱ्यासाठी सोडलेल्या जागेवर.

तर आयाबायांनो, बाप्यांनो, लेकरांनो, आज निजण्याआधी एवढा नेम धरा: घर असो, दुकान असो, नाहीतर बसायची नुसती सतरंजी असो, त्यातली वीतभर जागा येईल त्याची म्हणून सोडा.