कोरड्या ओढ्यावरची दोरी

मुलांनो, एका डोंगराच्या कुशीत पाण्याचा एक डोह होता आणि त्या डोहाच्या आधाराने एक रान जगत असे. ज्या दिवशी ती बातमी आली, तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. उन्हाळा सरत आला होता. गव्यांची वासरे चिखलात लोळत होती. एक भेकरी, म्हणजे लहान चणीची हरिणी, आपल्या पाडसाला शेजारी घेऊन भोकराची गळलेली फळे खात होती. ससा झोपला होता. एवढ्यात पलीकडच्या डोंगरावरून एक होला उडत आला आणि धापा टाकत म्हणाला, "कोळसुंदे आलेत! रानकुत्र्यांची अख्खी टोळी. आमच्याकडची चितळं संपवली, आता इकडे निघालेत."

"कोणत्या वाटेने येतात?" गव्याने विचारले. तो कळपाचा म्होरक्या होता आणि रानाचा कारभारही तोच पाहत असे.

"ओढ्याच्या कोरड्या पात्रातून. पहाटे येतात. वाळूवर त्यांचे पाय वाजत नाहीत. दिसतात तेव्हा अगदी जवळ आलेले असतात."

मागच्या उन्हाळ्यात भेकरीचे पहिले पाडस त्याच पात्रात गेले होते. ते कसे झाले हे तिने कोणाला सांगितले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. तिने या वर्षीच्या पाडसाला जरा जवळ ओढले, एवढेच.

दुपारी सगळे करंजाखाली जमले. गवा म्हणाला, "आमच्या कळपाने कडं केलं तर कोळसुंदे आत शिरत नाहीत. शिंगं आहेत आमच्याकडे. पण कडं करायला वेळ हवा. तो कुठून आणू?"

"वेळ मी देतो," वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. फांदीवर एक म्हातारा कोळी बसला होता. त्याने साऱ्या आयुष्यात एकच विद्या मिळवली होती. धाग्याच्या एका टोकाला काय घडले, ते तो दुसऱ्या टोकाला बसून ओळखत असे. तो म्हणाला, "पात्रात वाळूलगत धागा ताणायचा. पाऊल लागलं की दुसरं टोक थरथरेल. तिथे कपारीत, वारा लागणार नाही अशा जागी, शिरीषाच्या वाळक्या शेंगा टांगा. त्या खुळखुळतील."

सुगरण पक्षी हसला. "कोळीबुवा, तुमचा धागा माझ्या शेपटीला अडकला तरी तुटतो!"

"आणि तुझी गवताची दोरी तुटत नाही, पण ती मुकी आहे. तिला धक्का लागला तरी ती कोणाला सांगत नाही."

"मग आत त्यांचा धागा घाल आणि बाहेरून तुझं गवत वीण," भेकरी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. हे दोघांनाही सुचले नव्हते. पण लांब पात्याचे ओले गवत आता फक्त डोहाकाठी उरले होते आणि ते वासरांसाठी राखलेले होते.

"ऐकलं," गवा म्हणाला. "आता रवंथ होऊ द्या." तो बसला तो दुसऱ्या दिवशी उठला. "दिलं गवत. वासरं पाला खातील."

"आणि दोरी नाही जमली तर?" एका म्हाताऱ्या गायीने फणकाऱ्याने विचारले.

"तर गवत गेलं. पण प्रयत्न केला म्हणून या दोघांना कोणी शिंग दाखवायचं नाही."

काम सुरू झाले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी जवळच्या कड्यावरून कोळसुंद्यांची शीळ ऐकू आली. भेकरी धावत ओढ्यावर गेली. पाहते तो उंबराच्या फांदीला अर्धीच दोरी लोंबत होती आणि सुगरण पक्षी पंख साफ करत बसला होता.

"थांबलास का रे, बाबा?"

"अर्धी झाली ना! आता कोणीतरी बघायला यायला हवं." तो रुसला होता. "आमच्यात नर अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. मादी येऊन बघते. तिला आवडलं तर पुढचं विणायचं, नाहीतर ते सोडून नवं घ्यायचं. तीन दिवस इथे कोणी फिरकलं नाही. म्हणजे नापसंत. उद्यापासून दुसरी सुरू करतो."

भेकरी गव्याकडे गेली. "मामा, दोरी बघायला का नाही गेलात?"

"पुरी झाली की बोलावतील की!" गवा म्हणाला. "दुसऱ्याच्या अर्धवट कामात मी कशाला नाक खुपसू?"

मग ती कोळ्याकडे गेली. "कोळीबुवा, दोरीत घालायचा तुमचा धागा कुठे आहे?"

"खाल्ला."

"खाल्ला?"

"रोज पहाटे आदल्या दिवशीचं जाळं खातो आणि नवं विणतो. पोटही त्यावरच चालतं. पण कालच्यापेक्षा आजचा धागा सरस झाला होता, बरं का. उद्याचा तर..."

"उद्याचा सरस होईल, मला ठाऊक आहे," भेकरी म्हणाली. "पण माझं पाडस आजच्या धाग्यावर जगणार आहे."

कोळी फांदीवरून खाली उतरला. तो म्हणाला, "चल, मला तुझ्या पाठीवर घे."

संध्याकाळी भेकरीने तिघांना उंबराखाली एकत्र आणले. गव्याने अर्ध्या दोरीकडे बराच वेळ पाहिले. मग तिचे टोक शिंगाला अडकवून त्याने मान मागे खेचली. दोरी कुरकुरली, पण तुटली नाही.

"मला विणकामातलं कळत नाही," तो म्हणाला, "पण पसंत."

एवढ्या घोगऱ्या आवाजात 'पसंत' हा शब्द सुगरण पक्ष्याने जन्मात ऐकला नव्हता. तो फांदीवरून पडता पडता वाचला आणि तसाच गवत आणायला उडाला. त्या दिवसापासून गवा सकाळ-संध्याकाळ उंबराखाली येऊ लागला. रवंथही तो तिथेच करी. कोळी आपला धागा दोरीत घालून देई आणि पहाट झाली की त्या धाग्याकडे पाठ करून उपाशी बसे. सवय मोडणे सोपे नव्हते.

दोरी पुरी झाली आणि पात्रात ताणली गेली. पारख म्हणून एक वासरू तिच्यावरून चालले, तशा शेंगा जोरात वाजल्या. कोळी म्हणाला, "हे खरं नाही. कोळसुंद्याएवढ्या वजनाचं कोणीतरी चाललं पाहिजे."

"मी चालते," भेकरी म्हणाली आणि पात्रात उतरली. मागच्या उन्हाळ्यानंतर तिने तिथे पाऊल ठेवले नव्हते. ती दोरीवरून गेली. शेंगा हलल्या नाहीत.

"सोडा ही! मी नवी करतो," सुगरण पक्षी ओरडला.

"थांब," गवा म्हणाला. "मी नापसंत म्हटलेलं नाही."

कोळ्याने आपले पाय दोरीवर टेकले. "पुन्हा चाल, ताई. त्यांच्यासारखी चाल."

भेकरीने मान खाली घातली, अंग चोरले आणि एकेक पाऊल अलगद टेकवत ती चालली. ती चाल तिने एकदाच पाहिली होती. कोळी डोळे मिटून होता. "काठाकडून तिसरी गाठ सैल आहे," तो म्हणाला. सुगरण पक्ष्याने ती चोचीने आवळली. तिसऱ्यांदा भेकरी चालली, तेव्हा कपारीतल्या शेंगा खुळखुळल्या. ती दुसऱ्या काठाने वर आली आणि आपल्या पाडसाजवळ जाऊन उभी राहिली.

त्यानंतर तिसऱ्या पहाटे शेंगा पुन्हा वाजल्या, आणि त्या वेळी पात्रात भेकरी नव्हती. गव्याने हुंकार दिला. कोळसुंदे काठावर चढेपर्यंत कळपाचे कडे पुरे झाले होते. मध्ये वासरे होती, भेकरी होती, तिचे पाडस होते आणि ससाही होता. "मला कोणी बोलावलं नव्हतं," तो म्हणाला, "पण जागा दिसली." नऊ कोळसुंद्यांनी शिंगांची ती भिंत पाहिली, थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या आणि शीळ घालत ते निघून गेले. पाडस डोहावर गेले आणि पोटभर पाणी प्यायले.

पुढे ओढा वाहू लागला, तेव्हा म्हातारा कोळी हे जग सोडून गेला. आदल्या दिवशी तो सुगरण पक्ष्याला एक नवा धागा समजावून सांगत होता. ससा चालला तर गप्प राहील आणि कोळसुंदा चालला तरच बोलेल, असा धागा त्याला करायचा होता. सुगरण पक्ष्याने सगळे नीट ऐकून घेतले होते, पण ती विद्या एका दिवसात यायची नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात कोळ्याच्या पिल्लांनी धागा दिला, गव्याने न मागता गवत दिले आणि दोरी पुन्हा ताणली गेली. अजूनही सशाच्या उडीने शेंगा वाजतात, सगळे रान उठून उभे राहते आणि सशाला कोणी रागावत नाही. सर्वांत आधी भेकरी उठते. सशाचे पाऊल ओळखणारा तो धागा अजून व्हायचा राहिला आहे.

तात्पर्य : जाणणारा, घडवणारा आणि राखणारा यांनी एकमेकांच्या कामाची रीत समजून घेतली, तरच रक्षणाचे साधन वेळेवर उभे राहते, आणि त्यातले थोडे काम मागे राहणाऱ्यांसाठी नेहमीच उरलेले असते.