टिल्लूची गोधडी आणि खर्रखर्र गाडी

एक होतं उंदराचं पिल्लू. एवढंसं! तुमच्या अंगठ्याएवढं. त्याचं नाव टिल्लू.

टिल्लूची एक गोधडी होती. आईनं शिवलेली, लाल लाल चिंध्यांची. ती अंगावर घेतली की टिल्लूला झोप लागायची. नाही घेतली, की नाही. संपलं!

एके दिवशी टिल्लूनं गोधडी उन्हात घातली. कुठं घातली? चक्क रस्त्याच्या कडेला! शहाणाच की नाही?

तेवढ्यात आली एक जुनी गाडी. काळी काळी, गोल गोल, म्हातारी म्हातारी. गाडीला झेंडूचा हार. पुढे बसले केरबातात्या, मागे बसली हौसाकाकू. काकूच्या मांडीवर लाडवांचा डबा. दोघं निघाले होते नातीच्या बारशाला.

गाडी आली भुर्रर्र. मग झाली भक्. मग झाली भक् भक्. आणि थांबली. कुठं थांबली? बरोब्बर गोधडीवर!

तात्यांनी चावी फिरवली. खर्रर्र खर्रर्र... फुस्स!
पुन्हा फिरवली. खर्रर्र खर्रर्र... फुस्स!

टिल्लूनं गोधडी ओढली. हय्या हो! हय्या हो! छे! जराही सुटली नाही. टिल्लूला आली जांभई. डोळे लागले मिटायला. पण गोधडीशिवाय झोप कशी लागणार?

टिल्लू गेला गाडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"गाडीबाई, गाडीबाई, हल की गं!
गोधडी सुटेना,
मला झोप येईना!"

गाडी म्हणाली, "इंजिन पेटलं तर हलेन. नाहीतर नाही हलायची!"

टिल्लू गेला इंजिनाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"इंजिनदादा, इंजिनदादा, पेट की रे!
गाडी हलेना,
गोधडी सुटेना,
मला झोप येईना!"

इंजिन म्हणालं, "ठिणगी आहे माझ्याकडे. ही बघ, चट् चट्! पण पेट्रोल कुठाय? नळीनं दिलं तर पेटेन. नाहीतर नाही पेटायचं!"

टिल्लू गेला नळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"नळीताई, नळीताई, पेट्रोल दे की गं!
इंजिन पेटेना,
गाडी हलेना,
गोधडी सुटेना,
मला झोप येईना!"

नळी म्हणाली, "मी तर कोरडी ठक्क! टाकीनं सोडलं तर देईन. नाहीतर नाही द्यायची!"

टिल्लू गेला टाकीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"टाकीमावशी, टाकीमावशी, पेट्रोल सोड की गं!
नळी देईना,
इंजिन पेटेना,
गाडी हलेना,
गोधडी सुटेना,
मला झोप येईना!"

टाकी म्हणाली, "पोटभर पेट्रोल आहे रे माझ्यात. डुचुक डुचुक! पण माझा जीव घुसमटलाय. वरून वारा आत आला, तरच पेट्रोल खाली जातं. झाकणानं नाक उघडलं तर सोडेन. नाहीतर नाही सोडायची!"

आता झाकणाला नाक असतं का? असतं की! मोहरीएवढं भोक. त्यातून वारा आत जातो.

टिल्लू चढला झाकणावर. तुरुतुरु, तुरुतुरु.
"झाकणभाऊ, झाकणभाऊ, नाक उघड की रे!
टाकी सोडेना,
नळी देईना,
इंजिन पेटेना,
गाडी हलेना,
गोधडी सुटेना,
मला झोप येईना!"

झाकण म्हणालं, "ब्हाझं दाक चोंदलंय!"

"काय?"

"माझं नाक चोंदलंय! काल दसरा झाला ना? काकूनं गाडीची पूजा केली. दिव्याला लावलं कुंकू. चाकाला लावलं कुंकू. मलाही लावलं कुंकू, ओलं ओलं. ते बसलं नाकात आणि वाळलं! काकूनं टोचून काढलं तर उघडेन. नाहीतर नाही उघडायचं!"

टिल्लू शिरला गाडीत. तुरुतुरु, तुरुतुरु. चढला थेट लाडवांच्या डब्यावर.

"अगंबाई! उंदीर!" काकूनं पाय वर घेतले.

"हौसाकाकू, हौसाकाकू, उठा की हो!
नाक उघडेना,
टाकी सोडेना,
नळी देईना,
इंजिन पेटेना,
गाडी हलेना,
गोधडी सुटेना,
मला झोप येईना!"

"एवढंच होय?" काकू म्हणाली. "ही बघ माझ्या बांगडीत पिन. एकदा टोचलं की झालं! पण मी नाही उठायची. मघाशी मी म्हटलं, 'मी बघू का?' तर तात्या म्हणाले, 'तुला काय कळतंय गाडीतलं?' आता तात्यांनी विचारलं तर उठेन. नाहीतर नाही उठायची!"

आणि काकूनं तोंड फिरवलं. फुगली!

तात्या घामाघूम झाले होते. खर्रर्र खर्रर्र... फुस्स!

टिल्लू गेला तात्यांकडे. आता तुरुतुरु नाही हं. हळू... हळू... पेंगत... पेंगत...

"केरबातात्या, केरबातात्या, विचारा की हो!
काकू उठेना,
नाक उघडेना,
टाकी सोडेना,
नळी देईना,
इंजिन पेटेना,
गाडी हलेना,
गोधडी सुटेना,
मला झोप येईना!"

"मी? आणि विचारू?" तात्यांनी मिशी पिळली. "तुझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतोय मी! मी विचारेन, पण... अं... अमक्यानं... तमक्यानं..."

पण पुढे कुणाचं नाव घेणार? कुणी उरलंच नव्हतं! तात्यांनी इकडे बघितलं. तात्यांनी तिकडे बघितलं. रस्ता मोकळा.

टिल्लूच्या डोळ्यांतून पाणी आलं. टप्प!

"अरे अरे अरे! रडू नको रे बाळा!" तात्या विरघळलेच. डोकं खाजवत खाजवत मागे वळले. "अगं हौसा... चुकलं माझं. जरा बघतेस का?"

"बघते की!" काकू म्हणाली. "कधीची वाट बघतेय!"

मग काय विचारता!

तात्यांनी विचारलं. काकू उठली.
काकूनं टोचलं. टुच्च!
नाक उघडलं. सुर्रर्र!
टाकीनं सोडलं. डुबुक डुबुक!
नळीनं दिलं. गुळुगुळु!
तात्यांनी फिरवली चावी. खर्रर्र खर्रर्र खर्रर्र... धडाड् धूम!
इंजिन पेटलं!
गाडी हलली!
गोधडी सुटली!

टिल्लू धावला. गोधडी उचलली. झटकली. फट्! फट्! वास घेतला. हुंऽऽ! आईचाच वास. वर थोडासा पेट्रोलचा. आणि मधोमध? चाकाची नक्षी! अशी गोधडी साऱ्या बिळांत कुणाकडेच नव्हती.

काकूनं खिडकीतून लाडवाचा तुकडा दिला. "घे रे, टिल्ल्या. झोपून उठलास की खा."

"पुढे बस ना गं," तात्या काकूला म्हणाले. "परत अडली तर कोण सांगणार मला?"

काकू पुढे बसली. भुर्रर्र! गाडी गेली बारशाला.

आणि टिल्लू? बिळात गेला. गोधडी ओढली. नाकापर्यंत. पाय पोटाशी. एक डोळा मिटला. दुसरा डोळा मिटला.

घुर्रर्र... फुस्स.
घुर्रर्र... फुस्स.

शूऽऽ! हळू बोला. गोष्टसुद्धा झोपली.