लिंबाजी ड्रायव्हरची मजुरी

बालाघाटाच्या डोंगरात आंबेखिंड नावाचं गाव आहे. गाव कसलं, घाटाच्या माथ्यावरची पंचवीस-तीस घरं, एक चहाची टपरी आणि खिंडीच्या तोंडाशी खंडोबाची घुमटी. त्या घुमटीला लागून पत्र्याची एक पडवी होती आणि तिच्यात आमचे खिंडीतले महाराज राहत. त्यांचं मूळ नाव काय, गाव कोणतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची छातीही होत नसे, कारण महाराज मायेचे सागर खरे, पण जिभेचे तिखट!

महाराजांचा नित्यनेम ऐकाल तर नवल कराल. भरल्या मालट्रका घाटात बंद पडल्या की ड्रायव्हर लोक चाकाला मोठा दगड लावतात. गाडी पुन्हा सुरू झाली की निघून जातात, दगड मात्र तिथेच रस्त्यात. मागून येणाऱ्याने त्यावर आदळून मरावं की जगावं, याची फिकीर कोणाला! महाराज रोज उजाडताच घाट उतरत आणि असा एकेक दगड उचलून दूर दरीत ढकलून देत. पूजा, भजन, प्रसाद, सगळं त्यानंतर. कोणी म्हणालं, "महाराज, हे काय संतांचं काम?" तर म्हणत, "मग काय तुझ्या आज्याचं?"

या महाराजांवर लिंबाजी सानपाचा फार जीव. लिंबाजी ट्रक ड्रायव्हर होता. दौलतशेठ गव्हाणे यांच्या गाडीवर तो खेपेवर काम करी, म्हणजे खेप पोचली तर पैसे, नाहीतर नाही. घाट चढून आला की गाडी बाजूला घ्यायची, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि मग पुढचा उतार उतरायचा, हा त्याचा शिरस्ता. दौलतशेठना हे थांबणं मुळीच खपत नसे. "त्या दगडवेच्यापुढं गाडी थांबवायला मी तुला पैसे देतो का रे?" असं ते चारचौघांत विचारत. लिंबाजी खाली मान घालून हसे.

एकदा गाडीचा ब्रेक धरेना. पायडल तीन-तीनदा दाबावं तेव्हा कुठे गाडी वेग सोडी. लिंबाजीने शेठना सांगितलं, "शेठ, लायनर पार झिजलेत. घाटाचं काम हाय, गाडी एक दिस उभी करा." शेठ म्हणाले, "एवढी खेप टाक, मग बघू." त्याच खेपेला आंबेखिंडीच्या उतारावर ब्रेक गेला तो गेलाच. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर. लिंबाजीने देवाचं नाव घेऊन गाडी डोंगरावर घातली. गाडी वाचली, माल वाचला, पण लिंबाजीच्या डाव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

पाच महिने तो अंथरुणाला खिळला. बायको सुभद्रा दुसऱ्याच्या शेतावर जाई, तेव्हा लेकरांसाठी चूल पेटे. जरा कुबडीवर उभं राहता येऊ लागलं तसा तो शेठच्या कचेरीत गेला. "शेठ, तुमच्याच कामावर पाय मोडला. आधीच्या खेपांची मजुरी तुमच्याकडं हाय. घरी बसलो त्या दिसांचं बी काईतरी द्या," असं त्याने हात जोडून म्हटलं.

दौलतशेठ खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "तू काय माझा पगारी नोकर हायेस? खेपेचा माणूस तू. खेप पोचली न्हाई, पैसे न्हाईत. अन् आधीची मजुरी गाडीच्या दुरुस्तीत गेली. चूक तुझी, पोलिसांत बी तसंच लिहिलंय."

"शेठ, ब्रेक गेल्ता. म्या तुमाला सांगितलं व्हतं."

"ब्रेकला काय धाड भरली नव्हती!" शेठ गरजले. मग आजूबाजूच्या लोकांकडे बघून हसत म्हणाले, "रोज गाडी थांबवून महाराजांच्या पाया पडायचास ना? त्यांनी का न्हाई दाबला रे ब्रेक? जा, त्यांच्याकडंच माग पगार!"

कचेरीतली माणसं हसली. लिंबाजीच्या काळजाला ते हसू झोंबलं. पाय मोडला तेव्हा तो रडला नव्हता, पण बाहेर येऊन तो ढसाढसा रडला. मजुरी तर बुडालीच, वर 'ड्रायव्हरची चूक' असा शिक्का बसल्यावर त्याच्या हाती दुसरी गाडी तरी कोण देणार?

तो कसाबसा एका ट्रकमधून खिंडीत आला आणि महाराजांच्या पुढ्यात बसला. "महाराज, आता तुमीच द्या," म्हणाला.

महाराज एकदम तापले. "मी कशाला देऊ? घाम त्याच्या गाडीवर गाळलास, मजुरी त्याच्याकडंच मागायची. देवाच्या दारात भीक मागायला तू भिकारी हायेस का?" मग त्यांनी लिंबाजीच्या मोडक्या पायावरून हळूच हात फिरवला. आवाज उतरला. "गुरवारपर्यंत इथंच ऱ्हा. भाकरी हाय आपल्याकडं."

गुरुवार उजाडला. आपल्याकडे अपघातातून उठलेली गाडी पहिल्या खेपेआधी देवापुढे आणतात आणि नारळ फोडल्याशिवाय पुढे काढत नाहीत. दहाच्या सुमाराला दौलतशेठ इतके महिने मिस्त्रीकडे पडलेली आपली तीच गाडी घेऊन खिंडीत हजर झाले. नवा रंग, पुढे झेंडूच्या माळा, मागे साखरेची पोती भरलेली. नवा ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार बरोबर. शेठनी खंडोबापुढे नारळ फोडला, भंडारा उधळला. पडवीत कुबडी घेऊन बसलेल्या लिंबाजीकडे त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

महाराज टपरीवाल्याने दिलेला चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "शेठ, रंग झकास झाला. ब्रेकचं काय?"

जमलेल्या लोकांनी शेठकडे पाहिलं. शेठचा चेहरा लाल झाला. खरं सांगायचं तर शेठनी मिस्त्रीला आधी पत्रा आणि रंग उरकायला सांगितलं होतं, आणि बाकीचं मागाहून बघू म्हणाले होते. पण चारचौघांत हे कबूल करायचं म्हणजे लिंबाजी खरा ठरणार, आणि लिंबाजी खरा ठरला की मजुरी द्यावी लागणार!

"ब्रेक तवा बी चांगला व्हता, आता बी चांगला हाय," शेठ म्हणाले.

हे ऐकून नव्या ड्रायव्हरने काय केलं? तो मुकाट्याने खाली उतरला. "शेठ, माझी लेकरं लहान हायेत," एवढंच म्हणाला. त्याच्यामागे त्याचा जोडीदारही उतरला.

झालं! शेठच्या अभिमानावर घाव बसला. ते स्वतः एके काळचे ड्रायव्हर. धोतराचा सोगा खोचून ते स्टिअरिंगवर जाऊन बसले. "मी स्वतः नेतो खाली. बघा समद्यांनी!"

महाराज शांतपणे म्हणाले, "शेठ, दोन शब्द खरे बोलून हे काम भागतं. जीव पणाला कशाला लावतो?"

शेठनी गाडी चालू केली. तेवढ्यात लिंबाजी कुबडी टेकत टेकत गाडीकडे निघाला. लोकांनी अडवलं, पण तो ऐकेना. "ती गाडी मला ठावं हाय. मालकाला एकट्याला जाऊ देऊ का?" असं म्हणून तो कसाबसा वर चढला आणि शेठच्या शेजारी बसला. ज्याने आपल्या तोंडचा घास काढला त्याच्याच शेजारी! भक्ती म्हणतात ती हीच, आणखी वेगळी काय असते?

पहिलं वळण बरं गेलं. दुसरंही गेलं. शेठ ताठ होऊन म्हणाले, "कुठं गेला तुझा ब्रेक?" आणि जुन्या सवयीने त्यांनी गाडी न्यूट्रल केली. उतारावर गिअर काढून डिझेल वाचवायचं, ही त्यांची स्वतःची शिकवण, आपल्या सगळ्या ड्रायव्हरांना त्यांनी ती दिली होती.

"शेठ, गिअर काढू नका!" लिंबाजी ओरडला.

शेठनी ब्रेकवर पाय दिला. पायडल तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. मागच्या पोत्यांचं वजन गाडीला रेटू लागलं. हँडब्रेक तर नावालाच होता.

"गिअर टाका! डोंगराला घासा गाडी, डोंगराला!"

गिअर करकरला, पण बसेना. शेठचे हात स्टिअरिंगवर गोठले होते. तिसरं वळण समोर आलं आणि त्या वळणापलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं. शेठनी डोळे मिटले. लिंबाजीने एका हाताने स्टिअरिंग ओढायचा प्रयत्न केला आणि सगळा जीव गोळा करून हाक मारली, "महाराज, धरा!"

गाडी थांबली.

धक्का नाही, आवाज नाही. पुढचं डावं चाक दरीच्या बिनकठड्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर येऊन गाडी उभी राहिली. लिंबाजीच्या बाजूचं दार दरीवर उघडत होतं, आणि मोडक्या पायाने मधला गिअर ओलांडून येणं त्याला जमणार नव्हतं. हललं तर गाडी हलेल, ही भीती वेगळीच.

"शेठ, उतरा अन् आधी चाकाला दगड लावा!" तो कुजबुजला.

शेठ हळूच उतरले. दगड शोधू लागले. पण रस्ता कसा? झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ! पुढे नाही, मागे नाही, एक दगड म्हणून नाही. ज्यांना आयुष्यभर दगडवेचे म्हणून हिणवलं, त्यांनीच सकाळी सगळा घाट साफ केला होता. शेठ चढावर धावत सुटले, पडले, उठले, दुसऱ्या वळणापर्यंत गेले. तिथे कठड्याचा एक सुटलेला दगड त्यांनी नखं फाटेपर्यंत ओढून काढला आणि छातीशी धरून परत आले. एवढा वेळ पोत्यांनी भरलेली गाडी त्या उतारावर जागची हलली नाही.

त्यांनी दगड चाकापुढे ठेवला. आणि त्याच क्षणी गाडी कण्हल्यासारखी करकरली आणि चार बोटं पुढे सरकून दगडावर टेकली.

शेठनी चाकाकडे पाहिलं. गाडी जर आत्ता टेकली, तर इतका वेळ ती कोणी धरली होती?

खिंडीतली माणसं धावत आली, त्यांनी लिंबाजीला उचलून खाली घेतलं. ती येताना एकच गोष्ट सांगत होती. चहा पिता पिता महाराजांनी कप फेकला, म्हणे. उठले, दोन्ही तळहात पडवीच्या खांबाला लावले आणि रेटून उभे राहिले. अंगावरून घामाच्या धारा लागल्या, हाक मारली तरी ओ देईनात. मग एकाएकी हात सोडून मटकन खाली बसले.

सगळे पडवीत आले. महाराज भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही तळहात सोलवटलेले, आणि त्यांवर टायरची काळी नक्षी उमटलेली! शेठकडे बघून महाराज थकल्या आवाजात म्हणाले, "लई उशीर लावलास रे दगड आणायला."

शेठनी हंबरडा फोडला आणि पायांवर पडायला झेप घेतली. महाराजांनी पाय झटकन आखडून घेतले. "इथं न्हाई! आधी त्याची मजुरी. अन् ब्रेकचं खरं काय ते चौकीत जाऊन सांग. मग ये."

शेठ तसेच उठले. लिंबाजीला बरोबर घेऊन चौकीवर गेले आणि आपल्या तोंडाने सांगितलं, की ब्रेक धरत नसल्याचं या माणसाने मला आधी सांगितलं होतं, चूक माझी. अडकवलेली मजुरी दिली, अंथरुणावरच्या पाच महिन्यांची दिली, आणि दवाखान्याचा खर्च न मागता दिला.

पुढच्या गुरुवारी लिंबाजी सुभद्रेला घेऊन खिंडीत आला. त्यातले काही पैसे त्याने महाराजांपुढे ठेवले. महाराजांनी ते बोटानेही शिवले नाहीत. "मजुरी हाय ती, दक्षिणा न्हाई. घरी ने, लेकरांला दूध पाज."

दौलतशेठ पडवीच्या बाहेर उन्हात उभे होते. पायात वहाण नाही, डोक्याला फेटा नाही. आत यायचा धीर होत नव्हता. महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सुभद्रेला विचारलं, "पोरी, सगळी मिळाली का मजुरी?"

सुभद्रा डोळे पुसत म्हणाली, "मिळाली, महाराज. सगळी मिळाली."

तेव्हा महाराजांनी आखडलेले पाय लांब केले आणि बाहेर बघून म्हणाले, "ये शेठ. आता ये."