डोंगळ्यांनी मोडलेली पंगत

करंजवणी गावाला नदीने तीन बाजूंनी वेढलं आहे. चौथ्या बाजूला, गावठाण संपतं तिथे, भिवनाथ महाराजांची धुनी होती. महाराज कुठून आले, केव्हा आले, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. कारण महाराज रागीट होते. हे मी आधीच सांगून टाकतो. काही भाविकांना ते रुचत नाही. संत म्हणजे शांतीचा सागर, त्यांना कसला राग, असं म्हणत ते कथेतला राग गाळतात आणि नुसता गोडवा ठेवतात. मला तसली कथा सांगता येत नाही. लेकरू विहिरीच्या काठावर वाकलं तर आई काय ओवी म्हणत बसते? धपाटा घालते आणि ओढते. महाराजांचा राग त्या जातीचा होता. ज्यांच्या पाठीवर त्यांची काठी पडली, ती माणसं म्हातारपणी ती जागा नातवंडांना कौतुकाने दाखवायची.

त्या गावात ठकूबाई म्हणून एक विधवा राहत होती. देवळामागे, देवस्थानच्या जागेत तिचं खोपट होतं. तेव्हा गिरण्या कुठल्या आल्या! लोकांची दळणं दळून ती पोट भरायची. दळलेलं पीठ ज्याचं त्याला जायचं आणि जात्याभोवती सांडलेलं, पाळीला चिकटलेलं पीठ दळणारणीचं, असा गावचा रिवाज होता. बाई गरीब होती, पण गरीब गाय नव्हती. जीभ तिखट, मान ताठ. एकदा मात्र ती महाराजांपुढे जाऊन रडली. जपाला बसलं की डोळा लागतो, पोथी वाचता येत नाही, आता माझं कसं व्हायचं, असं तिने विचारलं. महाराज तिच्यावर खेकसले, "जप येत नाही तर करू नकोस. ते सांडलेलं पीठ मुंग्यांना घाल. तेच तुझं भजन."

झालं. त्या दिवसापासून ठकूबाई त्या पिठात गुळाचा खडा कुस्करून देवळाजवळच्या कडुलिंबाखाली मुंग्यांच्या बिळांशी घालू लागली. काळे डोंगळे यायचे, तांबड्या मुंग्या यायच्या, आपापला कण उचलून रांगेने परत जायच्या. कितीतरी दिवस ती स्वतः अळणी आंबील पिऊन निजली, पण मुंग्यांचा वाटा तिने चुकवला नाही.

देवस्थानचे कारभारी होते हैबतराव. माणूस कर्तबगार होता, खोटं कशाला बोलायचं? देवळाचा पडका ओटा त्यांनी बांधून घेतला, दीपमाळ उभी केली. पण जे काही करायचं ते चारचौघांनी पाहिलं पाहिजे, ही त्यांची खोड. ठकूबाई त्यांच्या डोळ्यांत सलायची. 'मुंग्यांची मावशी' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पारावर बसून ते म्हणायचे, ही बया माणसं सोडून किड्यांना जेवू घालते, पुढच्या जन्मी हिला वारुळात चांगली खोली मिळेल. आणि लोक हसायचे! मला त्या हसणाऱ्यांची जास्त चीड येते. तिनेच दळलेल्या पिठाची भाकरी पोटात आणि तिच्यावरच दात काढायचे.

पुढे देवळावर कळस चढवायचा ठरला. हैबतरावांनी गावजेवण जाहीर केलं, आणि तेही श्रीखंडाचं. त्यासाठी त्यांनी नाशकाहून तांब्याचं भलंथोरलं पातेलं घडवून आणलं, त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. धोंडू आचाऱ्याने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि तो चाचरला. आतून कल्हई नव्हती. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवायचा तर आत कथलाचा लेप हवा, नाहीतर अन्न कळकतं आणि खाणाऱ्याच्या जिवावर बेततं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हैबतरावांना का माहीत नव्हतं? होतं की! पण असं झळझळीत तांबं, त्याला आतून तो राखाडी रंग फासायचा म्हणजे शोभाच गेली. लोकांनी पातेलं आतबाहेर पाहायला हवं होतं. देवाच्या अन्नाला काही होत नाही, तू तुझा चक्का घोट, असं त्यांनी धोंडूला दरडावलं. धोंडू पडला पोटार्थी. त्याने आदल्या दुपारीच चक्का-साखर घोटून त्या पातेल्यात भरली, वर केशर घातलं. केशराच्या रंगाखाली बाकी सगळं झाकून गेलं. आणि नैवेद्य दाखवण्याआधी कुणी अन्न चाखायचं नाही हा आपला नेम, त्यामुळे ते एकाही माणसाच्या जिभेला लागलं नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी हैबतरावांना मुंग्यांची आठवण झाली. एवढं गोडाधोडाचं जेवण आणि देवळाशेजारीच मावशीचं गोत! त्यांनी गड्यांकडून पाण्याच्या घागरी उकळून घेतल्या आणि कडुलिंबाखालच्या एकेका बिळात ओतायला लावल्या. ठकूबाई नदीवरून येत होती. जमिनीतून वाफ निघताना तिने पाहिली. जवळ आली तर चिखलावर मुंग्यांचा काळा थर तरंगत होता, आणि कित्येकींच्या तोंडात पांढरी अंडी तशीच धरलेली होती. तिने खाली बसून बोटाने काही उचलून पाहिल्या. एकही हलली नाही.

तिच्या अंगाची लाही झाली. गड्यांदेखत ती हैबतरावांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लेकराबाळांसकट कुणाचं घर असं उकळून काढत्यात व्हय?"

हैबतराव आधी हसले. गडीही हसले. मग बाई हलत नाही असं पाहून त्यांचा चेहरा बदलला. "ऐक ठके," ते म्हणाले. "आज पंगतीत एक जरी मुंगी दिसली, तर दिवस मावळायच्या आत तुझं खोपट उपटून नदीत टाकीन. जागा देवस्थानची आहे आणि देवस्थान मी बघतो."

हे त्यांनी सगळ्या गड्यांसमोर सांगितलं, आणि ते बोलले म्हणजे करणार, हे ठकूबाई जाणून होती. नवरा त्याच खोपटात गेला होता. तिला दुसरं छप्पर नव्हतं, दुसरं गाव नव्हतं. ती घरी गेली, मडक्यातलं होतं नव्हतं तेवढं पीठ काढलं, सगळा गूळ त्यात कुस्करला आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीच्या दरडीपाशी नेऊन ते ओतलं. उरलेल्या मुंग्या इकडे याव्यात आणि देवळाकडे फिरकू नयेत एवढाच तिचा हेतू. बायांनो, आजच्या दिवस तिकडं जाऊ नका, असं ती हात जोडून सांगत होती. पण पिठाजवळ एक मुंगी येईना. ती तशीच बसून राहिली आणि देवाला मनातल्या मनात शिव्या देत राहिली. होय, शिव्याच. तिच्यापाशी तेवढंच होतं.

इकडे कळस चढला, नैवेद्य दाखवला, देवळाच्या पटांगणात पत्रावळी मांडल्या. पुढच्या ओळीत पोरं, मागे मोठी माणसं. भात-वरण वाढून झालं, पुऱ्या वाढून झाल्या आणि हैबतराव स्वतः पळी घेऊन पातेल्यातलं श्रीखंड वाढत फिरले. श्लोक म्हणून झाला. लोकांनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या आणि पहिला घास उचलणार तोच फरशीच्या फटी काळ्या झाल्या.

डोंगळे आले. पायऱ्यांखालून आले, ओट्याच्या दगडांतून आले, उकळतं पाणी ओतलेल्या त्या बिळांच्या शेजारून आले. सकाळी मेले त्याच्या कितीतरी पट. ते पत्रावळींवर चढले, माणसांच्या हातांवर चढले आणि मनगटांना कडकडून डसले. घास तोंडापर्यंत न्यायला एकाचाही हात मोकळा राहिला नाही. पोरांनी भोकाड पसरलं, बायका लुगडी झटकत उठल्या, आणि बघता बघता देवाच्या दारातली पंगत मोडली.

हैबतरावांनी रागाने देवळामागे बोट दाखवलं आणि गड्यांना म्हणाले, जा. असल्या कामाला गावात माणसांचा कधी तोटा पडत नाही. गडी गेलेच, त्यांच्यामागे पंगतीतून उठलेले चार हौशीही गेले. ठकूबाई धावत आली तोवर छपराचं गवत ओढून खाली आलं होतं आणि जातं उघड्या आभाळाखाली पडलं होतं. ती कुणाच्या पाया पडली नाही. धुनीच्या दिशेला तोंड करून ती ओरडली, "तुम्हीच सांगितलंत ना मुंग्यांना घाल म्हणून? घातलं! बघा काय पदरात पडलं ते!"

महाराज वाटेवरच होते. अंगावर फक्त लंगोटी, हातात काठी, डोळे लाल. ते ठकूबाईजवळ थांबले नाहीत. खोपट पाडणाऱ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते थेट पटांगणात शिरले.

तिथे हैबतराव हट्टाला पेटले होते. फरशी झाडून घ्या, मुंग्या झटका आणि पुन्हा बसा, असा त्यांचा हुकूम चालला होता. लोक बिचकत होते. तेव्हा त्यांनी आपली नात, चार-पाच वर्षांची नमी, मांडीवर घेतली. तिचा हात डोंगळ्यांनी चावून सुजला होता आणि ती मुसमुसत होती. देवाच्या प्रसादाला कसली भीती, हे बघा, माझीच नात पहिला घास घेते, असं म्हणून त्यांनी पातेल्यातलं श्रीखंड बोटांवर घेतलं आणि तिच्या ओठांशी नेलं.

काठी बसली ती मनगटावर. घास लांब उडाला.

"पोर खाली ठेव, हैबत्या," महाराज म्हणाले.

महाराजांनी पातेल्याला लाथ घातली. पातेलं लवंडलं, केशरी श्रीखंड फरशीवर पसरलं, आणि तांब्याच्या अंगाला धरून जे होतं ते सगळ्यांना दिसलं. डबक्यातल्या शेवाळासारखा हिरवा थर.

"आता पानं बघ," महाराज म्हणाले. "भातावर मुंगी आहे. वरणावर आहे. पुरीवर आहे. श्रीखंडावर एक दाखव."

हैबतराव वाकले. एका पत्रावळीवरून दुसऱ्या पत्रावळीवर, पोरांच्या ओळीतून बायकांच्या ओळीत ते ओणव्यानेच फिरले. साखरेवर जीव टाकणारी मुंगी, पण शेकडो पानांवरच्या त्या गोडाला एकीनेही तोंड लावलेलं नव्हतं. जिथे जिथे श्रीखंड होतं, त्याच्या कडेने त्या उभ्या होत्या आणि जवळ येणाऱ्या हाताला डसत होत्या.

"सकाळी तू ज्यांची घरं उकळलीस," महाराज म्हणाले, "त्या तुझ्या नातीचा हात धरून बसल्या होत्या. तू काय धरून बसला होतास? पातेलं?"

हैबतरावांनी नमीचा सुजलेला हात पाहिला. मग पुढच्या ओळीतली सगळी पोरं पाहिली. पागोटं उतरवून त्यांनी महाराजांच्या पायांवर घातलं. महाराजांनी पाय मागे घेतला आणि पुन्हा काठी उगारली. माझ्या पायांशी काय ठेवलंय, जिचं छप्पर ओढलंस तिच्याकडे जा, असं म्हणून त्यांनी त्यांना अक्षरशः हाकललं.

हैबतराव उघड्या डोक्याने देवळामागे गेले. सगळं गाव मागोमाग गेलं. ठकूबाई पडक्या खोपटापुढे उभी होती. त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, चुकलो म्हणाले, उद्याच्या उद्या नवं घर बांधून देतो म्हणाले. आता बाई विरघळणार, असू द्या म्हणणार, असं लोकांना वाटलं. अशा वेळी गरिबाने लगेच विरघळावं अशी लोकांची फार इच्छा असते.

ठकूबाई विरघळली नाही. ती म्हणाली, "छप्पर तुम्ही घालाल. नात तुमची वाचली. आन् ज्या मेल्या, त्येंचं काय?"

हैबतरावांनी महाराजांकडे पाहिलं. ज्यांच्यापाशी प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, नाहीतर काठी असायची, त्या महाराजांनी काठी खाली ठेवली होती. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेव्हा हैबतराव उठले आणि कडुलिंबाखाली गेले. चिखल अजून ओला होता, त्यावर मेलेल्या मुंग्या तशाच होत्या. सगळ्या गावासमोर त्या माणसाने तिथे साष्टांग लोटांगण घातलं, कपाळ चिखलाला टेकवलं. जिवंत राहिलेले डोंगळे त्यांच्या मानेवर चढले, कानामागे गेले, चावले. त्यांनी हात उचलला नाही. कुणीतरी झटकायला पुढे झालं तर तिथूनच मान हलवून त्यांनी नको म्हटलं.

मग ठकूबाईनेच जाऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना उठवून बसवलं.

भाविकहो, देवाची दया सगळेच मागतात. मी एवढंच मागतो की चुकीचा घास तोंडाशी चालला असेल तेव्हा भिवनाथ महाराजांचा तो राग आपल्यावर असू दे.