चाकाखालचं लिंबू

दसऱ्याला आमच्या गावात जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. यंदा निंबोरे सरकार माझ्या फियाटवर उखडले. “सदूमिस्त्री, हे डबडं बाहेर काढ! माझ्या विलायती गाडीशेजारी शोभत नाही.”

त्यांची गाडी आरशागत चकचकीत, पण आली होती ट्रकवर बसून. ताशा थांबेना, लोकांची चुळबुळ वाढली.

मी म्हटलं, “काढतो की! पण पूजेची लिंबं ठेवलीत चाकांखाली. ज्याचं लिंबू चिरडेल, तो मिरवणुकीत.”

“चालेल!” सरकार ऐटीत बसले.

माझी फियाट दोनदा शिंकली आणि लिंबू चिरडून पुढं गेली. सरकारांनी दहादा किल्ली फिरवली, पण वर्षानुवर्षं नुसती पुसलेली गाडी हलेल कशी?

मी त्यांचं लिंबू उचलून त्यांच्याच हातावर ठेवलं. “घरी न्या सरकार. ओरखडासुद्धा नाही, अगदी तुमच्या गाडीसारखं!”