येसूचा गोळा

ऐका रे पोरांनो, आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका, विसरला असाल. आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ही गोष्ट ऐकूनच सांगितली, इतकी ती जुनी. नांदेखार गाव तेव्हाही खाडीच्या काठाला होतं आणि आजही तिथंच आहे. ते तिथंच आहे, हीच तर येसूची करणी!

गावाची भातशेती आणि खाडीचं खारं पाणी, मध्ये आडवा एकच मातीचा बांध. पावसाळ्यात उधाण आलं की बांध फुटायचा, खारं पाणी शेतात शिरायचं आणि उभं भात करपायचं. लोक म्हणायचे, दर्या भुकेला आहे. म्हणून दर अवसेला घराघरातून दहीभाताचे मुटके यायचे आणि बांधावर ठेवले जायचे. तरी बांध फुटायचा. मग लोक भात वाढवायचे, पोरांच्या ताटातला काढून वाढवायचे हो! तरी मेला फुटायचाच. शेवटी अशी वेळ आली की आणखी एकदा खारं पाणी शिरलं तर गाव उठणार. लोकांनी भांडीकुंडी बांधायला घेतली होती.

त्या गावात बायजी नावाची एक विधवा होती आणि येसू ही तिची एकुलती एक लेक, ऐन विशीतली. बिळात हात घालून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरण्यात येसूचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक दिवस भरलेली टोपली आईपुढं ठेवून ती म्हणाली, "आये, ह्या सगळ्या कुठं मिळाल्या ठाऊक आहे? आपण भात ठेवतो तिथंच. दर्या कसला जेवतोय! आपणच चिंबोऱ्यांना आवतण देतो. त्या तिथंच घरं करतात आणि त्यांच्या बिळांतून पाणी आत घुसतं."

"गप गो बाय," बायजी घाबरून म्हणाली. "कुणी ऐकलं तर?"

पण येसू गप बसते होय? ती थेट जोमा पाटलाकडं गेली. गावात पाटलाचा शब्द शेवटचा. तो कडाडला, "दर्याच्या तोंडचा घास काढतेस? शिंगं फुटली काय तुला?"

"काका, इतकी वर्षं जेवू घातलंत," येसू म्हणाली, "कधी ढेकर ऐकलात काय त्याचा?"

जमलेले लोक फस्सकन हसले. पाटील मात्र हसला नाही. तो म्हणाला, "बरं. यंदा भात ठेवायचा नाही. पण बांध फुटला, तर तुम्ही मायलेकी गावाबाहेर."

त्या दिवसापासून येसू बांधावर अनवाणी फिरू लागली. तिच्या टाचेला कान होते, असं म्हणतात. मातीखाली पाणी सरकलं की टाचेला कळायचं, मग ती वाकून चिकणमातीचा गोळा बिळात ठासायची. ती दमली की आई गोळे मळायची. आषाढी अवसेला असं उधाण आलं की पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं. येसू पुढं, बायजी मागं, आणि हळूहळू अख्खा गाव चिखल घेऊन त्यांच्या मागं. दर्या तिच्या पावलांना शिवला आणि मागं फिरला, असं म्हणतात. बांध जागचा हलला नाही.

शेतं हिरवीगार झाली. पण कणसं पिवळी पडायच्या आत येसू तापानं फणफणली. दर्यानं तिला नेलं असं काहीजण सांगतात, ते साफ खोटं. दर्याची काय टाप होती! ती आईच्या मांडीवर गेली, भाताचा वास येतोय म्हणत. बायजीचा टाहो खाडीपलीकडच्या गावात ऐकू गेला.

दहाव्याला पाटील म्हणाला, "पोरीचा जीव बांधावर होता, पिंड तिथंच ठेवू." भाताचा पिंड बांधावर ठेवला. कावळा आला, पण शिवेना, पाठ फिरवून बसला. लोकांनी बोल दिले. आईला सांभाळू, तुझी घुमटी बांधू, दिवा लावू. कावळा हलेना. उन्हं उतरली, बायका रडू लागल्या.

एकाएकी बायजी डोळे पुसत उठली. "अरे, आंधळे झालात काय? बांधावर भात ठेवलात! तोच तर नको होता ना तिला!"

पाटलाचा चेहरा पडला. त्यानं स्वतःच्या हातानं पिंड उचलला, एक शीत न सांडता खळ्यावर नेऊन ठेवला. मग परत येऊन चिखलाचा गोळा केला आणि पहिलं दिसलं ते बीळ बुजवलं. म्हणाला, "येसू, आजपासून हेच तुझं ताट." तोच कावळा खळ्यावर उतरला आणि पिंडाला शिवला.

घुमटी काही बांधली नाही. पण आजही अवसेला नांदेखारात दहीभात शिजतो, खळ्यावर पंगत बसते आणि पोरं पहिली जेवतात. मग सगळा गाव अनवाणी बांधावर जातो. पहिला गोळा गावातली नवी नवरी ठासते, त्याला येसूचा गोळा म्हणतात. आणि कुणाच्या हाताला चिकटलेलं शीत बांधावर पडलं, तर एखादी म्हातारी ओरडतेच, "उचल आधी! येसू बघतेय."