चुटकीचं झबलं आणि मीठ मागणारी टाकी

मोरीच्या मागे बीळ. बिळात राहायची चुटकी उंदरी. आज तिच्या भावाचं बारसं. चुटकीने बाळाचं पांढरं झबलं आणलं. ते पडलं चिखलात. धप्प.

दुपारी बारसं. आता बाळ काय घालणार?

चुटकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"साबणदादा, साबणदादा, फेस दे."

साबण म्हणाला, "पाणी जड आहे गं. पाणी मऊ होऊ दे. मग देतो."

चुटकी गेली पाण्याकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

"साबण फेस देईना, झबलं उजळेना. पाणीराव, पाणीराव, मऊ व्हा."

पाणीराव म्हणाले, "मी जमिनीतून आलो. अंगात चुना भरलाय. टाकी चुना धरू दे. मग होतो."

मोरीच्या कोपऱ्यात होती निळी टाकी. पाण्यातला चुना धरायची, मऊ पाणी सोडायची. मोठी गुणाची टाकी, बरं का.

लुटुलुटु, लुटुलुटु.

"पाणी मऊ होईना, साबण फेस देईना, झबलं उजळेना. टाकीबाई, टाकीबाई, चुना धरा."

टाकी म्हणाली, "रोज धरते गं. आज हात भरले. जाडं मीठ मिळू दे. मग हात धुते. बारीक नको हो, त्याचा पोटात गोळा होतो."

जाडं मीठ होतं पोत्यात. लुटुलुटु, लुटुलुटु.

"टाकी चुना धरेना, पाणी मऊ होईना, साबण फेस देईना, झबलं उजळेना. मीठभाऊ, मीठभाऊ, चल."

मीठभाऊ म्हणाला, "हातावर मीठ घेऊ नये. भांडण लागतं. करवंटी येऊ दे. मग येतो."

करवंटी होती नळाखाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"मीठ येईना, टाकी चुना धरेना, पाणी मऊ होईना, साबण फेस देईना, झबलं उजळेना. करवंटीबाई, करवंटीबाई, चला."

करवंटी म्हणाली, "मी ओली. मीठ भिजेल. हौसाक्का मला पुसू दे. मग येते."

हौसाक्का घरची मालकीण. बसली होती पापड लाटत. लुटुलुटु, लुटुलुटु.

"करवंटी कोरडी होईना, मीठ येईना, टाकी चुना धरेना, पाणी मऊ होईना, साबण फेस देईना, झबलं उजळेना. हौसाक्का, हौसाक्का, पुसता का?"

हौसाक्काचं लाटणं थांबलं.

"बोटाएवढी तू. एवढं सगळं एका दमात म्हटलंस?"

"पुन्हा म्हणू?"

"नको बाई. तू नाही दमायचीस, मीच दमेन."

मग हौसाक्काने कपाळाला हात लावला. कपाळाला लागलं पीठ.

"चार दुकानं हिंडले. घराच्या मापाची टाकी आणली. आणि पापडांच्या नादात तिचं मीठच विसरले. आण ती करवंटी."

हौसाक्काने पदर फिरवला. करवंटी कोरडी झाली. करवंटीत मीठ आलं. एक खेप, दोन खेपा, खूप खेपा. टाकीने हात धुतले, घळघळ घळघळ. जुना चुना गेला गटारात. टाकीने नवा चुना धरला. पाणी मऊ झालं. साबणाने फेस दिला, फसफस फसफस. झबलं उजळलं. उन्हात वाळलं.

बाळाने झबलं घातलं. आत्याने बाळाच्या कानात म्हटलं, कुर्रर्र. नाव ठेवलं फेसू.

घुगऱ्यांचा पहिला दाणा कुणाला? चुटकीला.
दुसरा? टाकीबाईला.
टाकी म्हणाली, "मला आपलं मीठच बरं."

झबलं डुललं दोरीवर,
गोष्ट निजली मांडीवर.